दीड बार

इंग्लंडातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात ज्या माणसाने मला वाचवलं, त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "बार किती आहे?"

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, रात्रीचे नऊ, घरात अकरा अंश. बॉयलरच्या इवल्याशा पडद्यावर कसलातरी आकडा लुकलुकत होता आणि घरमालक ऊन खायला स्पेनला गेला होता. गणपतीत ओळख झालेल्या कुणीतरी एक नंबर दिला, "यांना लाव, दुसऱ्या कुणाला लावूच नकोस" असं बजावून. मी लावला, तर पलीकडून हा प्रश्न. माझा सोलापूरचा रूममेट फोनला कान लावून बसला होता. त्याने घाईघाईने खुलासा केला, "काका, कोपऱ्यावर एक आहे, पण आम्ही जात नाही."

पलीकडे क्षणभर शांतता.

"बॉयलरचा बार. डब्याच्या खाली घड्याळासारखी तबकडी असेल. काटा कुठे आहे?"

"शून्यावर."

"हात लावू नका. निघालोच."

वीस मिनिटांत दारात माकडटोपी उभी. वय सत्तरीच्या पुढे, अंगात रेनकोट, खांद्याला लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. पिशवीतून एकेक वस्तू निघाली: टॉर्च, दोन पाने, फडकं म्हणून जुना बनियन, सायकलचा पंप आणि लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या. बूट दाराशी काढून, मोजे वर ओढून काका थेट बॉयलरसमोर गुडघ्यावर बसले. बॉयलरच्या पोटाखाली तारांच्या विणीची एक चंदेरी नळी होती, मुलीच्या वेणीएवढी. तिच्या दोन्ही टोकांचे कॉक त्यांनी अगदी सावकाश उघडले. नळीतून सूंऽऽ असा आवाज आला आणि मेलेला काटा अंग झटकून उठला. अर्धा, एक, सव्वा... दीडवर येताच दोन्ही कॉक बंद.

"दीड," काका म्हणाले. "गार असताना दीड. गरम झाल्यावर दोनच्या आसपास. आणि कधी तीनला जाऊन टेकला तर समजायचं, आत कुणीतरी मेलंय."

कोण मेलंय ते विचारायचं मला त्या रात्री सुचलं नाही. रेडिएटर तापायला लागला होता आणि मी त्याला पाठ लावून उभा होतो.

मराठीत 'बार' शब्दाला तसं काम पुष्कळ. तंबाखूचा बार भरतात, लग्नाचा बार उडवतात, दिवाळीत निम्मे बार फुसके निघतात. पण आमच्या रेडिंगमधल्या पन्नास-साठ मराठी घरांत बार म्हणजे एकच, काकांचा. बायकामुलांसकट सगळे त्यांना दीडबारकाका म्हणतात. त्यात गावाचं इंग्रजी स्पेलिंग आणि मोजमापाच्या 'रीडिंग'चं स्पेलिंग तंतोतंत एक. त्यामुळे काकांचा जन्म सांगलीत झाला असला तरी ते या गावासाठीच घडवले गेले होते याबद्दल मला शंका नाही.

असा एक काका परदेशातल्या प्रत्येक मराठी वस्तीत असतोच. गणपतीच्या मखराचे दिवे तोच जोडतो, कुणाच्या घराचा सौदा ठरला की भिंती तोच वाजवून बघतो, आणि कारागिराला बोलावणं हा त्याला आपल्या शिक्षणाचा अपमान वाटतो. आमचे काका सांगलीच्या वालचंद कॉलेजचे इंजिनीअर. १९७४ साली आले ते दोन सुटकेसा आणि एक स्लाइडरूल घेऊन. पहिली खोली मिळाली ती गॅसच्या शेगडीची, नाणं टाकलं की पेटणारी. पाच पेनीत पुढून भाजायचं आणि पाठ गारच राहायची, असं ते सांगतात. म्हणून पुढे स्वतःचं घर घेतलं तेव्हा त्यांनी आधी बाग पाहिली नाही, स्वयंपाकघर पाहिलं नाही, रेडिएटर मोजले. नऊ होते. काकूंनी स्वयंपाकघर बघितलं तेव्हा सौदा होऊन गेला होता.

रेडिएटरची किल्ली, म्हणजे ती चौकोनी भोकाची पितळी चिमणीएवढी किल्ली, काका जानव्याला बांधतात. त्यांचे वडील तिजोरीची बांधत. एखाद्याच्या घरी सत्यनारायणाला जेवायला गेले आणि हात धुऊन येताना वाटेत रेडिएटर लागला, की यांचा हात सदऱ्यात गेलाच म्हणून समजा. बाकीचे लोक उंबऱ्यातून आत येताना देवाला नमस्कार करतात. काका आधी रेडिएटरला हात लावतात, एकदा वर, एकदा खाली, आणि डोळे मिटून उभे राहतात. नाडी बघतात.

त्यांचं निदानशास्त्रही पक्कं आयुर्वेदिक आहे.

"वर गार, खाली गरम?" ते विचारतात. "वात. वायू धरलाय." मग किल्ली. वरच्या कोपऱ्यातला खिळा पाव फेरा सैल करायचा, फुस्स होऊ द्यायचं, पाण्याचा पहिला थेंब दिसला की आवळायचा. "खाली गार, वर गरम? कफ. तळाला गाळ बसलाय, किल्लीने जायचा नाही." आणि बॉयलरमधून चहाचं आधण उकळल्यासारखी खदखद ऐकू आली तर पित्त. आमच्या भागात पाणी खडूच्या डोंगरांतून येतं, भयंकर जड, किटलीत महिन्यात पांढरा थर धरतो. तोच थर बॉयलरच्या पोटात धरला की आतलं पाणी जागच्या जागी उकळायला लागतं. इथले प्लंबरही त्या आवाजाला किटलीचंच नाव देतात, म्हणजे पित्ताचं निदान दोन्ही शास्त्रांना मान्य आहे.

वातावर मात्र काकांचं एक पोटकलम आहे, आणि ते मला फार आवडतं. "दर महिन्याला त्याच रेडिएटरात वायू धरत असेल तर ती हवा नव्हे. तो हायड्रोजन. लोखंड गंजताना तयार होतो." हे सांगून ते थांबतात आणि समोरच्याच्या खिशाकडे बघतात. "काडीबिडी ओढून बघू नकोस."

लोखंड गंजतं तर पाणी तांबडं का नाही येत, काळं का येतं, हे त्यांना विचारू नये. मी विचारलं होतं. त्यांनी लोणच्याची बरणी काढली, माझ्या दिवाणखान्यातल्या रेडिएटरखाली धरली आणि पेलाभर पाणी काढलं. शाईसारखं काळं. मग माझ्याच फ्रिजवरचं लोहचुंबक, त्यावर ताजमहाल होता, काढून त्यांनी बरणीच्या काचेला लावलं. दोन मिनिटं काही झालं नाही. मग पाणी हळूहळू निवळायला लागलं आणि काळी साय ताजमहालाच्या मागे गोळा व्हायला लागली. चुंबक सरकवलं की सायही त्याच्या मागोमाग सरके.

"मॅग्नेटाइट," काका म्हणाले. "ऑक्सिजन पोटभर मिळाला तर लोखंड तांबडं गंजतं. बंद नळीत तो अर्धपोटी मिळतो, मग काळं. हा गाळ नाही रे, हा तुझा रेडिएटर आहे. विरघळून चाललाय बिचारा."

अशा बरण्या त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत रांगेने उभ्या असतात, प्रत्येकीवर ज्याच्या घरचं पाणी त्याच्या आडनावाची चिठ्ठी. प्रत्येकीत एक चकचकीत खिळा, आणि शेवटची बरणी नळाच्या साध्या पाण्याची, तीतही खिळा. गंजरोधक रसायन पुरेसं असलेल्या पाण्यात खिळा आठवडाभर नवरदेवासारखा राहतो. नळाच्या पाण्यातला दोन दिवसांत तांबूस दाढी वाढवतो. कुणाच्या घरच्या खिळ्याला दाढी आली की काकांचा फोन जातो. भारतातून आलेल्या कुणा पाहुणीने यांतली एक बरणी कोकमाचं आगळ समजून उघडली होती, ही गोष्ट काकू सांगतात. पुढे काय झालं ते नाही सांगत.

गॅसला मात्र काका हात लावत नाहीत. ते काम नोंदणी असलेल्या माणसाचं. तसा इथला कायदाच आहे आणि कायद्याच्या बाबतीत काका इंग्रजांहून इंग्रज. "पाणी माझं, गॅस त्याचा." ही नोंदणी २००९ पर्यंत ज्या संस्थेकडे होती तिचं नाव कॉर्गी. राणीच्या त्या आखूड पायांच्या कुत्र्यांचंही तेच. काकूंना सुरुवातीची कित्येक वर्षं वाटत होतं की गॅसगळती हुंगायला कुत्रं पाठवतात.

काकांचं सुवर्णयुग म्हणजे २०१०चा डिसेंबर. इतका गार डिसेंबर या देशाने शंभर वर्षांत पाहिला नव्हता. २००५ नंतर बसवलेले जवळजवळ सगळे बॉयलर धुरातली वाफही थंड करून तिची उष्णता वापरतात. ते चांगलंच, पण त्या वाफेचं पाणी एका बारीक प्लास्टिकच्या नळीतून घराबाहेर सोडावं लागतं. त्या डिसेंबरात या नळ्या गोठल्या. पाणी बाहेर जाईना, बॉयलर गुळगुळ करून बंद. गावात प्लंबरांची तारीख मिळेना. तेव्हा काका बर्फातून, दोन्ही हातांत कोमट पाण्याच्या किटल्या घेऊन, घरोघर नळ्यांना अभिषेक घालत हिंडले. कोमट हं, उकळतं नव्हे, नळी तडकते. एका रात्रीत सात घरं. त्यांतल्या चौथ्या घरात त्या आठवड्यात बाळ झालं होतं. ते पोरगं आता शाळेत विज्ञानात पहिलं येतं आणि त्याचं श्रेय काका कुणालाच घेऊ देत नाहीत.

पण त्यांचं खरं प्रवचन एकच आणि ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे: पाणी घालू नका.

"काटा उतरला की तुम्ही लगेच पाणी घालता. चूक! काटा का उतरला ते बघा. ताजं पाणी म्हणजे ताजा ऑक्सिजन. आतलं जुनं पाणी लोखंड खाऊन खाऊन शांत झालेलं असतं, त्याला शिळंच राहू द्या. शिळं पाणी औषध, ताजं पाणी विष." पहाटे हंडे घासून रात्रीचं शिळं पाणी ओतून देणाऱ्या आयांच्या पोटी जन्मलेल्या आम्हा लोकांना हे पटायला वेळ लागतो. पण काका सोडत नाहीत. आमच्यापैकी कुणी चोरून त्या चंदेरी वेणीला हात लावला, तर त्याच्याकडे ते व्यसनी माणसाकडे बघावं तसं बघतात. "महिन्यातून किती वेळा घालतोस? खरं सांग." वेणीचा एक पेच ते सोडवूनच ठेवतात, मोह नको म्हणून. तेही इथल्या नियमांत बसतं.

मग निदान. काटा उतरण्याची कारणं मोजून तीन: कुठेतरी गळतंय, नाहीतर बॉयलरच्या आत फुटलंय, नाहीतर तो लाल हंडा मेलाय. मी पहिल्या रात्री न विचारलेलं उत्तर हे. शंभर लिटर पाणी दहा अंशांवरून ऐंशीवर नेलं की ते जवळजवळ तीन लिटरने फुगतं. बंद नळ्यांत ते तीन लिटर जाणार कुठे? म्हणून एक लोखंडी हंडा जोडलेला असतो, मधोमध रबराचा पडदा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की हवा आक्रसते, पाणी निवलं की पुन्हा पसरते. "बॉइलचा नियम!" काका म्हणतात, "अकरावीत घोकला, इंग्लंडात कामाला आला." हंड्यातली हवा गेली की फुगलेल्या पाण्याला जागा नाही. काटा तीनवर जातो, सुरक्षा झडप उघडते, जास्तीचं पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून टपटप निघून जातं आणि सकाळी घर गार पडलं की काटा शून्यावर. ते टपटपणं कुणाला दिसत नाही, कारण रात्री साडेदहाला इंग्लंडात घराच्या मागच्या भिंतीकडे बघायला कोण जातो? म्हणून काका त्या बाहेरच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवतात. सकाळी पिशवीत पाणी असेल तर हंडा मेला, नसेल तर गळती शोधा. आमच्या घरामागे कोथिंबिरीची पिशवी महिनाभर लोंबत होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, हा तुमच्या धर्मातला काही प्रकार आहे का. सोलापूरकर हो म्हणाला.

बंबाचा विषय निघाला की काका हळवे होतात. सांगलीच्या वाड्यातला तांब्याचा बंब, मधल्या नळकांड्यात पेटलेली धलपी, दिवाळीच्या पहाटे आईने चिंचेने घासून लखलखीत केलेला. "वरून गरम काढा, तेवढंच गार ओता. दाब नाही, काटा नाही, तोंड उघडं. ओपन व्हेंटेड सिस्टिम!" आणि थोडं थांबून, "त्याला काही सांभाळावं लागत नव्हतं." हे मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. तक्रारही असू शकेल हे पुष्कळ नंतर लक्षात आलं.

आता काकांच्या स्वतःच्या घराबद्दल.

काकांच्या घरी जाताना आम्ही स्वेटर घालून जातो. २०२२च्या ऑक्टोबरात साधारण घराचं गॅस-विजेचं वर्षाचं बिल सरकारने हात घालूनही अडीच हजार पौंडांच्या घरात गेलं. तेव्हापासून थर्मोस्टॅट सतरावर. काका सतरावर ठेवतात, काकू जाता-येता एकवीसवर नेतात, काका पुन्हा सतरावर आणतात, आणि या येरझाऱ्यांनीच दोघांना ऊब येत असावी असा माझा कयास आहे. पण एकवीसवर नेऊनही दिवाणखाना तापत नसे. सोफ्यामागचा मोठा रेडिएटर वर गरम, खाली गार. उघड उघड कफ. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. बोलणार कोण? वैद्यबुवांना तुम्हाला खोकला झालाय म्हणून सांगायचं?

एकदा काकू चहा ठेवताना सहज म्हणाल्या, "तिकडे मागच्या भिंतीला त्या नळीखाली कायम ओलं असतं रे. विटा हिरव्या झाल्यात. मी म्हटलं शेजाऱ्यांचं मांजर."

काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "पिशवी बांधून बघितलीय मी. कोरडी होती."

कधी बांधली होती, हे संक्रांतीपर्यंत कळलं नाही.

संक्रांतीच्या पुढच्या शनिवारी काकूंचं हळदीकुंकू. बाहेर उणे तीन. घरात वीस-बावीस बायका, सगळ्या काळ्या साड्यांत, तिळाच्या वड्यांचा खमंग वास, आणि पाहुण्यांच्या निमित्ताने थर्मोस्टॅट बिनतक्रार बावीसवर. आम्ही पुरुष मंडळी आतल्या खोलीत वाण म्हणून आलेले प्लास्टिकचे डबे मोजत होतो. काका आत-बाहेर करत होते, त्यांचा एक डोळा सारखा जिन्याखालच्या काट्याकडे. तीनला टेकला होता. मी पाहिला. त्यांनी मला पाहताना पाहिलं आणि ते काट्यासमोर उभे राहिले, अंगाने झाकून.

तेवढ्यात बाहेरून किंकाळी.

सोफ्यामागच्या रेडिएटरच्या खालच्या शिवणीतून टाचणीएवढ्या भोकातून काळ्या पाण्याची पिचकारी उडत होती. अगदी बारीक, रांगोळीच्या रेघेसारखी, पण नेमबाज. एक पैठणी, दोन चंद्रकळा, हलव्याचे दागिने घातलेलं एक तान्हं बाळ आणि तिळगुळाचं ताट, असा तिचा पल्ला. काकांनी पुढे झेप घेऊन भोकावर बोट ठेवलं. आणि तसेच उभे राहिले. सोडलं की उडे. पाने, पिशवी, सगळं दुसऱ्या खोलीत. हाताच्या अंतरावर फक्त हळदीकुंकवाची कुयरी. संक्रांतीला काळं नेसतात म्हणून साड्यांचं निभावलं. रुखवतासारखा मांडलेला पांढरा गालिचा नाही निभावला.

"काका, प्लंबर?" मी विचारलं.

काकांनी मान हलवली. हो की नाही ते ठरवता येण्यासारखी नव्हती. मी हो धरली.

प्लंबर आला तो तिशीतला पोरगा, कानात बाळी. रेडिएटरच्या दोन्ही टोकांचे कॉक बंद करून त्याने काकांचं बोट मोकळं केलं. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. मग तो काही न बोलता वर गेला आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात शिरला. तिथे लाल हंडा. काकांनी स्वतः १९९८ साली बसवलेला, "जर्मन माल" म्हणून आम्हाला प्रत्येकाला एकदा तरी दाखवलेला. पोराने बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं. खाली बद्द, मध्ये बद्द, वरही बद्द. हवा असती तर अर्धा हंडा घुमला असता. मग त्याने सायकलच्या ट्यूबला असते तशा झडपेचं टोपण काढलं आणि आतली टाचणी नखाने दाबली. हवा यायला हवी होती. काळं पाणी आलं, त्याच्या शर्टाच्या बाहीवर.

काकांकडे मी मुद्दाम बघितलं नाही. आपली नाडी कंपाउंडर बघतोय आणि बरोबर बघतोय, अशा वेळी वैद्यबुवांकडे बघू नये.

"हा केव्हाच गेलाय," पोरगा म्हणाला. "पाणी किती वेळा घालत होतात?"

"अधूनमधून," काका म्हणाले.

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्या खाली गेल्या आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घेऊन आल्या. चालू वर्षाचं, आणि खिळ्याला त्याच्यामागे अडकवून ठेवलेली आधीची तीन. कालनिर्णयाच्या चौकोनांत आपल्याकडे दुधाचा हिशेब असतो. इथे दूध सुपरमार्केटातून येतं, म्हणून चौकोन रिकामे. काकांनी ते भरले होते. रोज सकाळचं रीडिंग, टोकदार पेन्सिलने, आणि खाली बारीक अक्षरात 'पा'. ऑक्टोबर ते एप्रिल, रोज. एकादशीला पा, संकष्टीला पा, दोन्ही पाडव्यांना पा. उन्हाळ्यात नाही. फक्त एका जुलैत एका चौकोनात लिहिलं होतं: "पिशवी बांधली. कोरडी." जुलैत. हीटिंग बंद असताना.

"पा म्हणजे पाणी होय?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं पाठ. पाठ दुखते ते लिहितात म्हटलं. तीन वर्षं रोज रात्री तेल चोळतेय मी यांच्या पाठीला!"

पोराला भाषांतर करून सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्याऐवजी मी मनात हिशेब केला, माझी खोड: तीन हिवाळे, दोनशे-दोनशे दिवस, रोजचे दोन लिटर. बाराशे लिटर. म्हणजे शंभर लिटरच्या त्या घराचं सगळं पाणी बारा वेळा ताजं झालं होतं. गंजरोधकाचा थेंबही उरला नसणार. खिडकीतल्या बरण्यांत सगळ्या गावाची आडनावं होती. काकांचं नव्हतं.

पुढचं लवकर सांगतो. नवा हंडा आला, नवी सुरक्षा झडप आली (एकदा उघडायची सवय लागलेली झडप पुन्हा नीट बसत नाही, कणभर कचरा अडकतो), दोन रेडिएटर बदलले, सगळ्या नळ्या धुऊन काढल्या, चुंबकाचा फिल्टर लागला, लिटरभर गंजरोधक गेलं. पोराने बिल दिलं. काकांनी ते वाचलं, घडी केली आणि जानव्याची किल्ली चाचपली. जाताना पोरगा म्हणाला, "आता या काट्याकडे बघायचंसुद्धा काम नाही."

चांगलं म्हणून बोलला बिचारा.

काटा दीडवर राहिला. फेब्रुवारीभर दीड. मार्चभर दीड. घर असं उबदार की काकू पहिल्यांदाच सुती साडीत दिसल्या. थर्मोस्टॅटवरचं भांडणही मिटलं, आणि ते मिटल्यापासून दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत असं मला वाटायला लागलं. काका सहाला उठत, जिन्याखाली जात, टॉर्च मारत, दीड बघत, परत येत. मग सव्वासहा. पुढचा अख्खा दिवस. कालनिर्णयाच्या चौकोनात रोज १.५, १.५, १.५. कॅलेंडर नव्हे, एखाद्या धष्टपुष्ट माणसाचा तापाचा तक्ता. गावातही कुणाचं काही बिघडेना. काकांनीच सगळ्यांना शहाणं करून ठेवलेलं. एप्रिलात ते बागेत बसून सायकलच्या पंपाचा वायसर बदलताना दिसले. घरात सायकल नाही.

परवा सकाळी काकूंचा फोन. आवाज दबका, बहुधा न्हाणीघरातून.

"अरे, तुझा बॉयलर कसा आहे?"

"उत्तम आहे काकू."

"ते माहितीय मला," त्या म्हणाल्या. "जरा बिघडव ना."

फोन ठेवून मी थोडा वेळ उभा राहिलो. माझ्याकडेही एक किल्ली आहे, काकांनीच वाढदिवसाला दिलेली. दिवाणखान्यातल्या रेडिएटरचा खिळा मी पाव फेरा सैल केला आणि खाली भांडं धरलं. एक भांडं, दुसरं भांडं. पाणी आता फिकट आणि स्वच्छ येतं. काका हे भरून काढतील तेव्हा ताज्या पाण्याबरोबर घोटभर ऑक्सिजन आत जाणार, माझ्या लोखंडाला बाधणार, हे सगळं मला पाठ आहे. काटा अर्ध्यावर आला तेव्हा मी खिळा आवळला, भांडी ओतून टाकली आणि नंबर लावला.

"काका, अर्धाच बार दाखवतोय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"हात लावू नकोस," काका म्हणाले. "निघालोच."